शटरच्या बाहेरचं स्टूल

मी कुठेही निघाले की आधी यादी करते. या वेळच्या यादीत गोळ्या, चार्जर, धाकट्या बहिणीसाठी घरची ज्वारी, मेहुण्यांसाठी चटणी आणि एक बरी साडी एवढं सगळं होतं. कानात घालायला कापूस नव्हता. तो हवा होता, हे पहिल्याच संध्याकाळी कळलं.

कराडहून नवी मुंबईला मी पूर्वीही गेले आहे. बारशाला, वास्तुशांतीला, एकदा डोळे तपासायला. पंक संगीतासाठी प्रथमच गेले. माझी बहीण लता कोपरखैरण्यात राहते. मेहुणे मार्केटात कामाला आहेत, लता घरून जेवणाचे डबे करून देते आणि त्यांची एकुलती एक मुलगी केतकी गिटार वाजवत जोरजोरात गाते. तीन मुलींचा बँड आहे त्यांचा, नाव ‘जवळा’. बँडवर अनघा नावाच्या एका बाईंनी माहितीपट केला होता आणि तो रविवारी वाशीच्या एका छोट्या हॉलमध्ये दाखवणार होते.

“ताई, मी पण हाय पिक्चरमदी,” लता फोनवर म्हणाली होती. “त्या अनघा मॅडम सारख्या माझ्या मागं कॅमेरा घेऊन फिरत हुत्या. सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय. तू ये.”

म्हणून गेले.

गुरुवार, पावणे

नवी मुंबईला प्रथमच जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. आमच्याकडे पत्ता माणसावरून सांगतात, अमक्यांच्या चक्कीमागे, तमक्यांच्या आधी. इथे आधी सेक्टर, मग प्लॉट, मग सोसायटी, आणि माणूस सगळ्यात शेवटी. मी सेक्टर न सांगता रिक्षात बसले, तर रिक्षावाल्याने मला त्याच नावाच्या दुसऱ्याच सोसायटीपुढे उतरवलं. तिथल्या वॉचमनने माझ्या ज्वारीच्या पिशवीकडे बघून विचारलं, “डिलिव्हरी?”

लताने पाणी द्यायच्या आधी साडी दाखवली. जांभळी, बारीक काठाची, रविवारसाठी घेतलेली. “पडद्यावर मी कंच्या अवतारात हाय ठाव न्हाई,” ती म्हणाली. “बघायला जाताना तरी बरं दिसावं माणसानं.”

संध्याकाळी केतकीसह आम्ही तिघी पावण्याला, तिथल्या औद्योगिक वसाहतीत गेलो. कोपरखैरण्याहून रिक्षाने फार वेळ लागत नाही, पण रस्ता बदलतो. इमारती संपतात, ट्रक सुरू होतात, हवेला रसायनाचा आंबूस वास येतो आणि दुतर्फा लहानमोठे कारखाने लागतात. त्यातल्याच एका गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनतात. गाळा दर्शनाच्या काकांचा. दर्शना म्हणजे बँडमधली ड्रम वाजवणारी, करावे गावची. तिसरी मेघा, ती कमी बोलते आणि बेस गिटार वाजवते. सहाला कामगार गेले की गाळा मुलींचा. भिंतींना छतापर्यंत पुठ्ठे लावलेले असतात, त्यामुळे आवाज बराचसा आतच राहतो. काकांची अट एकच आहे: शेजाऱ्याची तक्रार आली, की बँड बंद.

आता शटरचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शटर पाडल्याशिवाय आवाज कोंडत नाही. आणि शटरची आतली मूठ तुटलेली आहे, त्यामुळे ते फक्त बाहेरून ओढता येतं. मुली आत गेल्या, केतकीने गिटार गळ्यात अडकवली, आणि लताने पदर खोचून लोखंडी आकड्याने शटर खाली ओढलं. मग शेजारचं प्लास्टिकचं स्टूल घेतलं, पिशवीतून लसणाचे गड्डे काढले आणि उद्याच्या डब्यांचा लसूण सोलायला बसली. मला ट्रकच्या जुन्या टायरवर जागा मिळाली.

आतून आवाज सुरू झाला. पत्र्याने बराचसा गिळूनही तो तळपायातून वर येत होता. शब्द एकही कळत नव्हता. मी कान दाबले.

“पयल्यांदा असंच हुतं,” लता म्हणाली. “मग सवय लागती.”

“तू आत बसून कधी ऐकलंस का?”

“मग शटर कोन ओढनार?”

तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातले तांबेकाका आले. त्यांचं लेथ मशीन आहे आणि ते उशिरापर्यंत काम करतात.

“वहिनी, आज जरा जास्तच होतंय.”

“चहा झाला का तुमचा?”

“नाही.”

“मग घ्या जावा. येईस्तवर गाणं संपतंय.”

तांबेकाका गेले. चहाची टपरी कोपऱ्यावर आहे, आणि तिथला चहावाला गप्पिष्ट आहे. लताने हे सगळं हेरून ठेवलेलं होतं. गेले सहा महिने आठवड्यातून दोनदा ती असा बँड वाचवते.

परतताना मी केतकीला विचारलं, की हे पंक म्हणजे नक्की काय?

“मावशी, याला गोड गळा लागत नाही. आधी शिका, मग परवानगी घ्या, मग गा, असली भानगड नाही. तीन सूर येतात ना? मग उभं राहायचं आणि जे बोलायचंय ते बोलायचं. मुलींना याच्याएवढं सोयीचं दुसरं काही नाही. तिकडे परदेशात काही बँडच्या मुली कार्यक्रमात मुलांना सरळ मागे पाठवायच्या आणि मुलींना पुढे बोलवायच्या. पुढे नुसती धक्काबुक्की असायची म्हणून.”

“म्हणजे आपलं हळदीकुंकू,” मी म्हटलं. “बायका आत, पुरुष बाहेर चपलांपाशी.”

केतकी रस्त्यात थांबून हसली. “हे मी गाण्यात घालणार.”

“घाल. पण माझं नाव नको.”

शुक्रवार, कोपरखैरणे

सकाळी डब्यांची धांदल असते. त्या घरात ओट्याजवळ उभं राहायचं तर पोळ्या लाटाव्या लागतात, नाहीतर बाहेर व्हावं लागतं. मी पोळ्या लाटल्या. लता डबे पोचवायला गेली तशी मी केतकीला म्हटलं, “दाखव तुझा सिनेमा. रविवारी गर्दीत मला चष्म्यातून नीट दिसायचं नाही.”

तिने आढेवेढे घेतले, पण शेवटी लॅपटॉप उघडला.

सिनेमाची सुरुवात अशी होती. अंधारा गाळा. तीन मुली वाजवतायत, घामाघूम, छान दिसतायत. मग कॅमेरा बाहेर येतो. बांगड्या घातलेला एक हात शटर धरतो आणि खाली ओढतो. मुलींवरचा उजेड गुडघ्यापर्यंत येतो, पावलांपर्यंत येतो, जातो. शटर जमिनीला टेकतं आणि गाणं तोडल्यासारखं थांबतं. काळा पडदा. त्यावर केतकीचा आवाज: “आईने माझं एकही गाणं कधी ऐकलेलं नाही.”

पुढे लता आणखी एकदा दिसते. पाठमोरी, पोळ्या करताना. “साडेसात म्हणजे साडेसात,” घरी यायच्या वेळेबद्दल एवढंच बोलते. बाकीचा सिनेमा मुलींचा आहे आणि तो चांगला आहे, हे मला तेव्हाही मान्य होतं.

“हे तू कधी पाहिलंस?” मी विचारलं.

“पंधरा दिवस झाले.”

“आणि गप्प बसलीस? शटर का ओढते ती, हे तुला माहीत नाही?”

“माहीत आहे.” ती नख कुरतडायला लागली. “पण मावशी, मी खोटं काय बोलले? नाहीच ऐकलं तिने. सहा महिने दारात बसते. एकदा तरी आत यावंसं वाटू नये? आणि ज्यांनी ज्यांनी हे पाहिलं ना, त्यांना तोच शॉट आवडला. सगळे म्हणाले, काय ताकद आहे.”

“रविवारी तिची सगळी बिल्डिंग येणार आहे, केतकी. जांभळी साडी नेसून ती पहिल्या रांगेत बसणार आहे.”

केतकीने लॅपटॉप मिटला. डोळे भरले होते, पण चेहरा रागीटच होता. तिचा राग खोटा नव्हता. म्हणूनच प्रश्न अवघड होता.

लताला आधीच सांगून टाकावं का, यावर मी भाजी निवडता निवडता विचार केला. सांगितलं असतं तर ती आली नसती, साडी कपाटात गेली असती आणि सिनेमा तसाच राहिला असता. तेव्हा बदलायचा तर सिनेमाच. हाताशी शनिवार होता. मी केतकीला सांगितलं, “उद्या त्या अनघाबाईंकडे मला ने. तूही चल.”

शनिवार, करावे आणि सीवूड्स

अनघाबाई सीवूड्सला राहतात आणि करावे गाव तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे, म्हणून दर्शनाने आम्हाला जेवायला बोलावलं. एका बाजूला उंच काचेच्या इमारती, आणि वळण घेतलं की एकदम गाव: देऊळ, अंगणात वाळत घातलेली मासळी, दारात बसलेल्या बायका. जेवायला तांदळाची भाकरी आणि कांद्यात परतलेला, बारीक सुक्या कोळंबीचा जवळा होता. आमच्याकडे जवळा कोरडा, तिखट आणि थोडका करतात, भाकरीच्या कडेला. इथे तो मुख्य पाहुणा असतो. बँडचं नावही त्यातूनच आलं. मेघाच्या सोसायटीत कुणीतरी लिफ्टमध्ये चिठ्ठी लावली होती, की सुक्या मासळीचा वास येणार नाही याची काळजी घ्यावी. मुलींनी त्याच दिवशी नाव ठरवलं.

दर्शनाची आजी धवलारीण आहे. इथल्या आगरी समाजात धवले नावाची गाणी गाऊन लग्नाचे विधी पार पाडणारी बाई, ती धवलारीण. आमच्याकडे लग्नात भटजी मंत्र म्हणतात आणि बायका अक्षता सांभाळतात. इथे बाई गाते आणि मांडव तिचं ऐकतो. ऐंशीच्या घरातली ही आजी अजून गाते. सिनेमात तीही होती, पण तिची तक्रार वेगळी.

“त्या बाईनी मना खाडीवर उनात हुबी केली. मी गाना गावाला लागले, त बोलते, आजी, गाऊ नका, नुसत्या पान्याकडं बघा. मी काय बगला हाय?”

दर्शना हसून लोळायची बाकी होती. आजीने मग केतकीकडे मोर्चा वळवला. “न काय गो, तुजे आयशीनी तुजा गाना आयकला का?”

“नाही, आजी.”

“मंग कोनाला सांगतेस एवरी वरडून?”

मी दुसरी भाकरी घेतली. मध्ये पडण्याचं कारण नव्हतं.

अनघाबाई पुण्याच्या, पस्तिशीच्या आतबाहेर. घरात पुस्तकं, वायरी आणि कालचे कप. मी मुद्द्यावर आले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, “मावशी, मी हा सिनेमा का केला ते सांगते. पंकवरचे जुने माहितीपट मी पोत्याने पाहिलेत. त्यात मुली कुठे असतात? सोफ्यावर. कुणाची तरी मैत्रीण म्हणून, दोन मिनिटं. नाहीतर गर्दीत नाचताना. वाजवणाऱ्या, लिहिणाऱ्या मुली होत्या, पण त्यांच्याकडे कॅमेरा वळवायचा कुणाला सुचलं नाही. मी ठरवलं, माझ्या सिनेमात बाई कडेला नसेल.”

“पटलं,” मी म्हटलं. “मुलींना तुम्ही सोफ्यावरून उठवलंत. पण तिथे माझ्या बहिणीला नेऊन बसवलंत.”

“तो शॉट मी घडवून आणलेला नाही. त्यांनीच शटर ओढलं.”

“ओढलं. पुढे काय झालं?”

“म्हणजे?”

“शटर पडल्यावर कॅमेरा लगेच बंद केलात?”

“नाही. स्टँडवर चालू होता बहुतेक, मी आत गेले होते. पण माइक आत मुलींना लावलेले होते. बाहेरचा आवाज नुसता कॅमेऱ्यावरचा, खरखरीत. तो मी ऐकलाच नाही.”

“मग आता ऐकू या.”

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण शोधलं. हा त्यांचा मोठेपणा म्हणायला हवा. पडद्यावर शटर पडलं आणि पडूनच राहिलं. बाजूने लता आली, स्टूलवर बसली, लसूण काढला. आतून धडधड. मग तांबेकाका.

“वहिनी, माझ्या लेथपेक्षा यांचा आवाज जास्त आहे.”

“तुमचा लेथ गातो का? चहा झाला का तुमचा?”

अनघाबाई खुदकन हसल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला. पडद्यावर तांबेकाका निघाले, दोन पावलांवर थांबले आणि वळून म्हणाले, “पण तुम्ही का नाही ऐकत आत बसून? पोरगी तुमची.”

लताने मान वर केली नाही. लसणीची साल फुंकून उडवली. “मी आत गेले की ती शब्द गिळंल. घरात गिळतीच. हितं तरी बोलू दे तिला.”

मी केतकीकडे बघितलं नाही; अशा वेळी बघू नये. तिचा आवाज आला, “परत लावा.”

त्यांनी परत लावलं.

“आता काय करायचं?” अनघाबाईंनी विचारलं, मला नव्हे, तिला. “शॉट काढून टाकू?”

“नको,” केतकी म्हणाली. “शटर पडू दे. त्याच्यापुढचं कापू नका, एवढंच. आणि माझं ते वाक्य यानंतर टाका, आधी नको.”

“उद्या संध्याकाळी दाखवायचंय. मला सगळी सुरुवात नव्याने बांधावी लागेल.”

“मी चहा करते,” मी म्हटलं. “कप कुठे धुता तुम्ही?”

निघता निघता दारात अनघाबाईंनी विचारलं, “त्या आजी खाडीवर काय गात होत्या, ते तुम्ही ऐकलंत?” मी म्हटलं, तुम्हीच जाऊन विचारा, भाकरीही मिळेल.

रविवार, वाशी

हॉल छोटा निघाला आणि बिल्डिंग मोठी. खुर्च्या पुरल्या नाहीत, तेव्हा तरुण मुलं उठून मागे उभी राहिली, मुली आणि बायका पुढे बसल्या. केतकीने लांबून मला खूण केली: हळदीकुंकू.

लता पहिल्या रांगेत, जांभळ्या साडीत, मांडीवर पर्स घट्ट धरून. मी तिच्या शेजारी. दिवे गेले. मुली दिसल्या, टाळ्या पडल्या. मग तो बांगड्यांचा हात दिसला. शटर खाली आलं, गाणं दबलं.

मागून एक बाई पुटपुटली, “बघ, कोंडलं पोरींना.”

लताचं अंग ताठ झालं. “ताई, हे काय दाखवलंय? मी काय...”

मी तिचं मनगट धरलं. “थांब.”

पडद्यावर लता स्टूलवर बसली. लसूण निघाला. चहाच्या वाक्याला हॉल हसला, आणि आमच्या रांगेतली बिल्डिंग सगळ्यात मोठ्याने हसली. माझ्या मुठीतलं मनगट सैल झालं. मग ते वाक्य आलं, शब्द गिळण्याचं. त्यावर केतकीचा आवाज: “आईने माझं एकही गाणं कधी ऐकलेलं नाही.” आता त्या वाक्याचा अर्थ लागत होता, आणि तरीही ते दुखतच होतं. तसंच असायला हवं होतं.

आणि त्याच्यापाठोपाठ, आतल्या माइकवरचं, स्वच्छ ऐकू येणारं गाणं:

किती वाजले? कुठे होतीस?
कोण होतं बरोबर?
ओढणी कुठाय? फोन का नाही?
किती वाजले? किती वाजले?
घड्याळ तुमचं, पाय माझे!

या वेळी मी कापूस आणला होता, पण तो पर्समध्येच राहिला. लता पुढे झुकून एकेक शब्द ऐकत होती, तोंड किंचित उघडं.

“ताई,” ती माझ्या कानात म्हणाली, “ही तर माझी वाक्यं हायेत.”

सिनेमा संपला. लोक अनघाबाईंना, मुलींना भेटत होते. दोघीतिघी लतालाही भेटल्या, तुमचा तो चहा फार आवडला म्हणाल्या. केतकी शेवटी आली आणि आईपुढे उभी राहिली, शिक्षेची वाट बघत असल्यासारखी.

“किती वाजले, हे मी येकदाच इचारते,” लता म्हणाली. “तू किती येळा घातलंस.”

“चालीत बसवावं लागतं, आई.”

“बसव की. पन ते वरडताना नीट वरडत जा. मी इचारते तेव्हा घाबरून इचारते. तू नुसती चिडून इचारतीस. तसं नसतंय ते.”

केतकी तिच्याकडे बघून म्हणाली, “मग तूच विचार. उद्या आत ये आणि तू विचार. आम्ही उत्तर देतो.”

“आनि शटर?”

दोघींनी माझ्याकडे बघितलं. माझी गाडी मंगळवारची होती.

सोमवार, पावणे

सहाला कामगार गेले. दर्शनाने ड्रम लावले, मेघाने वायरी सोडवल्या. लता लसणाची पिशवी माझ्या हातात देऊन आत शिरली आणि पुठ्ठ्याच्या थप्पीशी अंग चोरून उभी राहिली. “इथे नको, पुढे ये,” केतकी म्हणाली. मी आकडा अडकवून शटर ओढलं. दिसतं तेवढं सोपं नाही. अर्ध्यावर अडतं, तिथे गुडघ्याने दाबावं लागतं. खालच्या फटीतून शेवटी दिसले ते लताचे चपला काढलेले पाय, मुलींच्या बुटांच्या मधोमध.

मी स्टूलवर बसले आणि लसूण सोलायला घेतला. पहिल्यांदा नुसता दणका. मग सगळ्या थांबल्या. मग पत्र्यापलीकडून माझ्या बहिणीचा आवाज आला, एकटा, स्वयंपाकघरातून जिन्याच्या तळापर्यंत पोचणारा तिचा खास आवाज: “किती वाजले?”

आणि तिन्ही मुली एकदम तुटून पडल्या.

पुन्हा विचारलं तिने. या वेळी जास्त जोरात. कापूस तसाच पर्समध्ये होता, काढायचं सुचलं नाही.

तांबेकाका हात पुसत बाहेर आले. त्यांनी शटरकडे बघितलं, मग स्टूलकडे, मग माझ्याकडे.

“आज आत कोण ओरडतंय?”

“माझी बहीण,” मी म्हटलं. “चहा झाला का तुमचा?”